काळं तूस

उमरोळीत राहायला आलो त्या आठवड्यात माझ्या आमटीत रोज काहीतरी सोनेरी तरंगत असे. पहिल्या दिवशी वाटलं, मोहरीचं साल असेल. दुसऱ्या दिवशी ते भातावरही होतं, तिसऱ्या दिवशी उशीवर. मग मी वाटी तशीच उचलून घरमालकांकडे गेलो.

घरमालक म्हणजे जनार्दन राऊत. गाव त्यांना जनूभाऊ म्हणे. माझ्या खोलीच्या मागे त्यांची भाताची गिरणी होती, गिरणीच्या मागे तुसाचा डोंगर होता, आणि डोंगराच्या मागून समुद्रावरचा वारा येत होता. खोली दाखवताना त्यांनी विहीर, संडास आणि स्टेशनचं अंतर तपशिलात सांगितलं होतं. डोंगराचा उल्लेख राहून गेला होता.

त्यांनी वाटीत बोट बुडवलं, भाताचं ते टरफल उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "आमचंच हाय."

"रोज येतं."

"मग तुमी काय करता?"

"काढून टाकतो."

"कुठं?"

"खिडकीबाहेर."

"मग परत येनारच, पाव्हणे. वारा हाय."

एवढं बोलून ते गिरणीत गेले. तक्रार निकालात निघाली होती. मी साताऱ्याकडचा, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून. बोईसरच्या खोल्यांत तेव्हा एका खाटेवर तीन पाळ्यांची तीन माणसं झोपत, म्हणून एक स्टेशन अलीकडे आलो होतो. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. पुढे नव्वदचं दशक अर्धं होईपर्यंत मी त्याच खोलीत राहिलो, वेळेवर भाडं दिलं, आणि जनूभाऊ मला शेवटपर्यंत पाव्हणेच म्हणत राहिले.

माणूस बुटका, रुंद, भुवयांवर कायम कोंड्याची पांढरी साय. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्याने डावा कान जवळजवळ गेलेला. पण बहिरी माणसं ओरडून बोलतात तसे ते बोलत नसत. उलट इतकं हळू बोलत की समोरच्यालाच आपण बहिरे झाल्यासारखं वाटे. भात घेऊन कोणी आलं की पोत्यात हात घालून एक दाणा दाताखाली फोडत. टक् आवाज आला तर भात वाळलेलं. नाही आला तर "दोन उन्हं दाखवा" म्हणून परत पाठवत. माणसांच्या बाबतीतही त्यांची काहीतरी अशीच परीक्षा असावी, पण तिचा निकाल ते सांगत नसत.

त्यांची एक सवय मात्र साऱ्या गावाला ठाऊक होती. कुठलीही गोष्ट टाकली जाताना दिसली की ते विचारत, "कुठं जातं हे?" लग्नाच्या पंगतीत सगळे जिलबीकडे बघत असत तेव्हा हे आचाऱ्याला उष्ट्या पत्रावळींबद्दल विचारत. एकदा आमच्या कारखान्यात काही कामानं आले, तर नव्या छपाई यंत्राकडे ढुंकूनही न बघता मागच्या गटाराशी उभे राहिले. त्या दिवशी पाणी जांभळं होतं. "कुठं जातं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाल्यात. "आणि नाला?" मी म्हटलं, खाडीत. "म्हनजे माशाला रंग तुमी देता," ते म्हणाले आणि घरी गेले.

फुकट हा शब्द त्यांना खपत नसे. "फुकट नावाचं धान्य कुटल्या खळ्यावर निघतं, मला दाखवा," असं म्हणत. आणि गंमत अशी की त्यांच्या गिरणीमागे गावातली सर्वांत मोठी फुकट वस्तू पडलेली होती. रीत जुनी होती: तांदूळ आणि कोंडा घरचा, तूस गिरणीचं. कोंडा म्हशी खातात. तूस कोणी खात नाही. विटांची भट्टी लावणारे थोडं नेत, बर्फ झाकायला कोळीवाड्यातून कोणी दोन पोती नेई, बाकी डोंगर. पावसाळ्यात तो कुजायचा, उन्हाळ्यात उडायचा, आणि मधल्या काळात माझ्या आमटीत यायचा.

ह्या डोंगराचं जनूभाऊंना काय करायचं होतं ते मला त्यांच्या बायकोने सांगितलं. लक्ष्मीवहिनी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. त्यांची मान किंचित डावीकडे कललेली असे. त्यामुळे त्या प्रत्येक गोष्ट जरा संशयानेच ऐकताहेत असं वाटे.

"ह्यांना राब सोडवायचाय," त्या म्हणाल्या.

मी देशावरचा. राब म्हणजे काय ते मला त्यांनीच समजावलं. इकडे भाताचं रोप करायच्या तुकड्यावर आधी राब भाजतात. माघ-फाल्गुनात रानात जायचं, ऐनाच्या फांद्या तोडायच्या, पाला, गवत, शेण गोळा करायचं, ते वाफ्यावर पसरायचं, वर माती भुरभुरायची आणि वैशाखात पेटवून द्यायचं. भाजलेल्या जमिनीत भात पेरलं की रोप काळंभोर येतं. पेटवायचं काम पुरुषांचं, अर्ध्या दिवसाचं. भारे आणायचं काम बायकांचं, दोन महिन्यांचं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा गिरणी नव्हती, शेती होती. त्यांनी डोक्यावरून किती रान खाली आणलं असेल ते त्यांची मान सांगत होती.

"यंत्र आणनार म्हणतात. तुसावर गिरणी चालवनार, आणि जळून उरलं ते काळं तूस वाफ्यात घालनार. मग बायकांनी रानात जायला नको." त्यांनी सूप एकदा झटकलं. "माजी मान काय त्यानं सरळ व्हनार नाय. पण करतात तर करू दे."

जनूभाऊ स्वतः हे कधीच इतकं सोपं करून सांगत नसत. ते हिशेब सांगत. गिरणीच्या पत्र्याच्या दाराला आतून खडूने लिहिलेल्या आकड्यांचा थर होता. पुसून, परत लिहून दार राखाडी झालं होतं. एका पोत्याचं भात कांडायला डिझेल किती, त्यातून निघणारं तूस किती, ते जाळलं तर डिझेल किती वाचेल, काळं तूस किती उरेल. ह्यात एक ओळ मला विचित्र वाटायची. तिथे बायकांच्या भाऱ्यांची मजुरी धरलेली होती.

"ही मजुरी कोण देतं?" मी विचारलं.

"कोन देत नाय."

"मग धरलीत कशाला?"

"देत नाय म्हनूनच धरली. पुरुषांच्या हिशेबात राब फुकट. का, तर ज्या डोक्यावरून आला ते डोकं घरचं." मग खडू खिशात टाकून म्हणाले, "अशानं सगळेच धंदे फायद्यात दिसतात."

ऐंशीच्या दशकात सरकारला अशा माणसांचा शोध लागला. अपारंपरिक ऊर्जेची योजना आली आणि एक खातं जनूभाऊंच्या गिरणीत तुसापासून गॅस करणारं यंत्र बसवायला तयार झालं. यंत्र म्हणजे एक उभं पिंप, त्यात वरून तूस ओतायचं, खाली ते हवा कमी देऊन धुमसत ठेवायचं. निघणारा गॅस पाण्यातून धुऊन इंजिनाला द्यायचा. डिझेल थोडं लागेच, पण पूर्वीच्या मानाने चाखायला लागावं तेवढंच. खालून काळं तूस पडे. घिवली गावाच्या पलीकडे किनाऱ्यावर अणू फोडून वीज करत होते, आणि इकडे जनूभाऊ टरफलं धुमसवून तांदूळ काढणार होते. मला दोन्हीतलं काही कळत नव्हतं, पण दुसऱ्यात निदान काय आत जातं ते दिसत होतं.

उद्घाटन ठरलं. मांडव, केळीचे खांब, खुर्च्यांवर पांढरी कापडं. मागे कापडी फलक: टाकाऊतून टिकाऊ. जनूभाऊंनी तो दोनदा वाचला.

"टाकाऊ म्हनजे काय, पाव्हणे?"

"टाकून देण्यासारखं."

"नाय. टाकाऊ म्हनजे ज्याला अजून गिऱ्हाईक आलं नाय ते."

साहेब ठाण्याहून आले, पांढऱ्या सफारीत. आता झालं असं, की साहेब येणार म्हणून आदल्या संध्याकाळी ग्रामसेवकाने गावातल्या बायकांकडून गिरणीभोवती सडा घालून घेतला होता. सकाळी त्याच्या लक्षात आलं की वारा सुटलाय आणि तूस उडून साहेबांच्या कपड्यांवर बसेल. तेव्हा त्याने तुसाच्या ढिगावरही सडा घालायला लावला. बायकांनी मन लावून घातला. एकीने वर रांगोळीची चार बोटंही ओढली. शुभकार्यात कोणती वस्तू कोरडी राहायला हवी ह्याचा आमच्याकडे शास्त्रार्थ नाही.

साहेबांचं भाषण झालं. ऊर्जा, ग्रामीण भाग, स्वयंपूर्णता, परत ऊर्जा. मग त्यांनी यंत्रात मूठभर तूस टाकलं, जनूभाऊंनी पाट्या ओतल्या, पंखा फिरवला. आधी काहीच झालं नाही. मग पिंपातून पिवळट धूर निघाला, दाट, पेजेसारखा. तो आधी मांडवाच्या छताला लागला आणि विचार करून खाली उतरला. पहिल्या रांगेतले खोकले, मग दुसऱ्या रांगेतले. साहेबांनी हार नाकाशी धरला. जनूभाऊ शांतपणे इंजिनाकडे गेले, हँडल मारलं, आणि इंजिन धडधडायला लागलं. टाळ्या झाल्या. साहेबांनी इंजिनावर हात ठेवून फोटो काढून घेतला.

गाड्या गेल्यावर मी विचारलं, "ओलं तूस पेटलं कसं?"

"पेटलं कुठं?"

"मग इंजिन?"

"डिझेलवर."

"साहेबांना सांगितलं नाहीत."

"त्यांनी इचारलं नाय." मग ढिगाकडे वळून त्यांनी पुसट झालेली रांगोळी पाहिली. "पन सडा झ्याक घातला हां," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ढीग वाळायला चार दिवस लागले, आणि पाचव्या दिवशी कोणीही बघायला नसताना यंत्र चालू झालं.

चाललं म्हणजे खरंच चाललं. पण त्याचे लाड फार. गॅसबरोबर डांबर यायचं, ते नळ्यांत चिकटायचं, आणि ते खरवडण्यात अर्धा दिवस जायचा. लक्ष्मीवहिनी त्याला सासूबाई म्हणत. "सासूबाईंना आंघोळ घातली काय?" असं विचारत आणि काळ्या हातांवर ओतायला गोडंतेल आणून देत. जनूभाऊंनी दारावरच्या हिशेबात खरवडण्याची मजुरीही धरली. स्वतःच्याच यंत्राविरुद्ध आकडे इतक्या प्रामाणिकपणे लिहिणारा उद्योजक मी दुसरा पाहिला नाही. कारखान्यात आमच्याकडे ह्याच कामाला तीन माणसं होती आणि ती विरुद्ध दिशेने लिहीत.

काळं तूस साठत गेलं. हलकं, करकरीत, चोळलं तर बोटांना काजळी. आता राब. जनूभाऊ पाड्या-पाड्यांवर फिरून सांगू लागले, की राब भाजू नका, हे पसरा. लोक ऐकून घेत. कोणी नाही म्हणत नसे. नाही म्हणण्याची इकडची पद्धत "बगू" अशी आहे.

शेवटी सोमीबाय तयार झाली. स्टेशनच्या पूर्वेला टेकडीच्या पायथ्याशी तिचा पाडा. नवरा बोईसरला हमालीला जाई, शेत ती पाही. सोमीबायची जीभ कोयत्यासारखी होती आणि कोयता तर होताच.

"भाऊ, भाजल्याबगर रोप व्हतं?"

"व्हतं."

"तुमी केलंय?"

"नाय."

"मंग तुमाला कुनी सांगितलं?"

"हिशेबानं."

"हिशेबाला शेत हाय काय?" पण तिने वाफ्याचा एक अख्खा कोपरा दिला. त्या वर्षी तिने रानातून कमी भारे आणले. मला वाटतं, पैज तिने त्या भाऱ्यांवरच लावली होती.

पेरणी झाली, रोप उगवलं. तीन आठवड्यांनी जनूभाऊ मला घेऊन बघायला गेले. भाजलेल्या भागात रोप एकसारखं, दाट हिरवं. काळ्या तुसाच्या कोपऱ्यातही रोप चांगलं होतं. किंबहुना उंच होतं. फक्त त्याच्याबरोबर गवतही होतं, तितकंच उंच, तितकंच हिरवं. काळ्या तुसाने भेदभाव केला नव्हता.

सोमीबाय बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती. "भाऊ, ह्यात भात कुटला नि गवात कुटला ते तुमच्या सासूबायला इचारा." यंत्राचं नाव तिथवर पोचलं होतं.

जनूभाऊ वाफ्यात उकिडवे बसले. एक काडी उपटली, बघितली, दुसरी उपटली. मग मुळाशी बोट घालून माती उकरून पाहिली. सोमीबाय दुसरं काहीतरी तिखट बोलणार होती, ती थांबली.

"गवताचं बी जमिनीत असतं," ते हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "राब पेटला की ते भाजतं. मी राखेचा हिशेब केला. आगीचा राहिला."

राबाची आग कशासाठी हे सोमीबायलाही माहीत नव्हतं. भाजायचं म्हणून भाजत होते. आजीने भाजलं, आईने भाजलं. कारण विचारायला कोणाला सवड होती? गवताने ते सांगितलं. त्या पावसाळ्यात जनूभाऊ रोज सकाळी गिरणी सुरू करण्याआधी त्या कोपऱ्यात जाऊन निंदत. सोमीबाय म्हणे, राहू द्या, मी करते. ते म्हणत, "माजं गवत हाय." पंचक्रोशीत हसं झालं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. ह्यांना एकदा तरी वाकायला मिळालं."

दुसऱ्या वर्षापासून त्यांनी पद्धत बदलली. खाली काळं तूस, वर राबाचा पातळ थर, नुसती माती तापेल एवढाच. म्हणजे रान पुरतं सुटलं नाही, पण भारे कमी झाले. किती पातळ चालेल हा आता एकच प्रश्न उरला होता. दर वैशाखात ते थर थोडा कमी करत, दर आषाढात गवत मोजायला जात. पाड्यावरच्या आणखी बायका ह्यात आल्या. यंत्र खरवडून घेत राहिलं, गिरणी चालत राहिली, काळ्या तुसाच्या पाट्या बायका कांडण करून जाताना डोक्यावर नेत. रानातल्या भाऱ्यापुढे ती पाटी म्हणजे पिसासारखी. मला वाटलं, आता हे असंच चालणार. अर्थशास्त्र मी कधी शिकलो नव्हतो.

नव्वद साल उलटलं आणि एक दिवस गिरणीपाशी ट्रक येऊन थांबला. त्यातून उतरलेल्या माणसाचं नाव पांडे. वसाहतीतल्या कारखान्यांना बॉयलरसाठी जळण पुरवायचं कंत्राट त्याच्याकडे होतं. तेल महागलं होतं, कोळसा वेळेवर मिळत नव्हता, आणि कोणीतरी बॉयलरची जाळी बदलून त्यात तूस टाकून पाहिलं होतं. बॉयलर खूश होता. आमच्या कारखान्याचाही.

पांडे ढिगाभोवती फिरला. "सेठ, ये भूसा आप जला देते हो?"

"हां."

"सोना जला रहे हो."

"सोना आज हुआ," जनूभाऊ त्यांच्या हिंदीत म्हणाले. "कल तक मेरे पाव्हणे के आमटी में गिरता था."

पांडेने भाव सांगितला. तो ऐकून जनूभाऊंचा चेहरा बदलला नाही. पण ते गिरणीत गेले आणि दाराशी उभे राहून बराच वेळ खडू हातात धरून होते. त्यांनी काही लिहिलं नाही.

बातमी गावात पोचायला एक दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी बाळू पाटील आला. त्याची भातं मोठी, बैलगाड्यांनी येत. तो पायरीवर बसला, पान लावलं, आणि म्हणाला, "भाऊ, एक इचारू? तूस आमच्याच भाताचं ना?"

"तुमच्याच."

"मंग त्याचा भाव?"

लक्ष्मीवहिनी दारातून म्हणाल्या, "आजवर रीत काय व्हती, बाळू? तूस गिरनीचं."

"तवा त्याला कोन इचारत नव्हतं, वहिनी. आता रीत बदलली."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणा, असं त्या पाहण्यात स्पष्ट होतं. जनूभाऊ म्हणाले, "घेऊन जा. ह्या खेपेपासून ज्याचं भात त्याचं तूस."

बाळू गेल्यावर वहिनी भडकल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तेवढं एकदाच भडकलेलं पाहिलं. "यंत्राला काय घालनार? बायकांना काय देनार? रीत मोडायला तुमी कशाला पुढं झालात?"

"कसं नाय म्हनू? पंधरा वर्सं मीच सांगत फिरलो, ह्याला किंमत हाय. आता लोकांना पटलं."

"पटायचं तर तेवाच पटायचं होतं."

"तेवा ट्रक नव्हता," जनूभाऊ म्हणाले.

त्यानंतरचा हिशेब त्यांनी मला तोंडी सांगितला. तूस फुकट होतं तोवर यंत्र परवडत होतं. आता इंजिनाला तूस घालायचं तर बॉयलर देतो तो भाव इंजिनाने द्यायला हवा. तो देऊन, वर खरवडायची मजुरी देऊन, ते तोट्यात जात होतं. "बॉयलर आंदळा हाय. पुढ्यात येईल ते खातो, दात घासत नाय. सासूबायला ते कसं जमनार?" यंत्राची किंमत तुसाच्या फुकटपणात होती, आणि तूस फुकट राहू नये म्हणून तर त्यांचा जन्म गेला होता. हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. एखादं अवघड गणित सुटल्यावर उत्तर आवडलं नाही तरी माणूस खाडाखोड करत नाही, तसा तो आवाज होता. पुढच्या महिन्यात त्यांनी विजेची मोटर बसवली.

आदर्श प्रकल्प का बंद पडला ते बघायला खात्याचे एक तरुण अधिकारी आले. "प्रकल्प अयशस्वी होण्याची कारणं काय?" त्यांनी विचारलं.

"अयशस्वी नाय झाला, साहेब. लय यशस्वी झाला. सगळं तूस इकलं गेलं."

अधिकाऱ्यांनी पेन उघडलं आणि परत बंद केलं. मग तांत्रिक अडचणी असं काहीतरी लिहून चहा घेऊन गेले.

राहिला राब. ज्याचं भात त्याचं तूस ठरल्यावर गाडीवाले पुरुष आपलं तूस ट्रकला देऊ लागले. पण बायकाही भात आणत. पाटीतून, गाठोड्यातून, घरच्या खाण्यापुरतं. त्यांचं तूस थोडं थोडं, पण एकत्र केलं तर ट्रकवाला तेही घ्यायला तयार होता. जनूभाऊंनी एका सकाळी गिरणीसमोर जमलेल्या बायकांना विचारलं. मी रजेवर होतो, ओट्यावर वाचत बसलो होतो.

"तुमच्या तुसाचं काय करू? ट्रकला देऊन पैसे देऊ, का जाळून काळं करून देऊ?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. असा प्रश्न त्यांना बहुधा कोणी विचारला नव्हता. एक जण म्हणाली, "घरात इचारून सांगते."

सोमीबाय गाठोड्याची गाठ सोडत होती. वर न बघता म्हणाली, "घरात काय इचारतंस? भारा घर आनतंय काय?" मग जनूभाऊंना: "भाऊ, पैशे किती येतील तुमी सांगाल, ते आमी मोजू. पन मला येक सांगा. टरक माजा राब आनल काय?"

"नाय आननार."

"मंग माजं काळं करा."

दोघी-तिघींनी पैसे घेतले. त्यांना गरज होती, आणि जनूभाऊंनी त्यांना एका शब्दानेही अडवलं नाही. बाकीच्यांनी काळं करा म्हटलं. दारावरची ती भाऱ्यांच्या मजुरीची ओळ पहिल्यांदाच दुसऱ्या कोणीतरी धरली होती, आणि तिला अक्षर येत नव्हतं.

आता यंत्र नव्हतं. जनूभाऊंनी तेलाच्या डब्याला भोकं पाडली, त्यावर पत्र्याचं धुराडं बसवलं, आत निखारे ठेवले आणि भोवती तूस रचलं. दिवसभर ते आतून बाहेर काळं होत जाई. पूर्ण काळं झालं की पाणी मारायचं. इंजिन नाही, गॅस नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही. धूर मात्र थेट माझ्या खोलीत येई. मी तक्रार केली नाही. तोवर मला त्यांची उत्तरं पाठ झाली होती.

मी निवृत्त होऊन गावी परतायचं ठरलं तो वैशाख होता. सामान बांधून झालं, निरोप घ्यायला गेलो तर जनूभाऊ घरी नव्हते. "सोमीच्या वाफ्यावर हायत," वहिनी म्हणाल्या. "औंदा थर निम्म्याला आनलाय. ह्या टायमाला गवत आलं, तर बाया परत रानात जातील, म्हनतात."

मी चालत गेलो. वाफ्यावर राब पसरला होता, पण राब म्हणायची लाज वाटावी इतका पातळ. फांद्या बोटांएवढ्या, पाल्याखालून काळं तूस दिसत होतं. पाच-सहा बायका बांधावर. जनूभाऊ वाफ्याच्या मधोमध उभे राहून पाला सारखा करत होते. केस पांढरे झाले होते, भुवया मात्र आता काळ्या, काजळीने.

"भाऊ, भायेर व्हा," सोमीबाय म्हणाली. "का तुमालाच भाजायचा हाय?"

त्यांना ऐकू आलं नाही. तिने जाऊन दंडाला धरून त्यांना बांधावर आणलं. मग वारा कुठून आहे ते पदर सोडून पाहिलं आणि त्याच्या उलट अंगाने पेटवलं. वाऱ्याविरुद्ध आग हळू चालते, रेंगाळते, जमिनीला वेळ देते. पण आज रेंगाळायला तिच्याजवळ खायलाच फार नव्हतं. ज्वाळ गुडघ्याएवढीही उठली नाही. ती वाफ्याच्या ह्या कडेकडून त्या कडेकडे बोलत बोलत गेल्यासारखी गेली, आणि मागे राखाडी-काळी जमीन राहिली. मी निरोपाची चार वाक्यं तयार करून आणली होती, ती काढायची ही वेळ नव्हती.

आग पलीकडे पोचली तसे जनूभाऊ वाफ्यात उतरले. वाकले, वरची राख बाजूला केली आणि उजवा तळवा मातीवर सपाट टेकवला. सगळ्या बायका बघत होत्या. ते हात उचलेनात. मग एकदम उचलला, आणि तोंडाशी धरून फुंकर मारली.

सोमीबाय जवळ गेली. त्यांचा हात आपल्या हातात घेऊन तिने उलटा-सुलटा पाहिला. तळव्यावर लाल चट्टा उठत होता.

"भाजला?"

"भाजला," जनूभाऊ म्हणाले.

"मंग रोप व्हईल," ती म्हणाली, आणि बायका उठून आपापल्या वाफ्यांकडे निघाल्या.